सोळा तासांची घरघर

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे होते ते सामानाच्या वजनाचे, व्हिसाच्या मुलाखतीचे आणि बरोबर न्यायच्या खाकरा-दशम्यांचे. आवाजाचा विषय सहसा कोणी काढीत नाही. वस्तुतः मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान सुमारे १६ तास हवेत असते, आणि ते ठरल्या उंचीवर स्थिरावल्यानंतर प्रवाशाच्या कानांशी साधारणतः ७५ ते ८५ डेसिबलची घरघर अखंड चालू राहते. वर्दळीच्या हमरस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून सोळा तास बसावे, त्याच जातीचा हा प्रकार. इंजिनांचा घुमारा, विमानाच्या अंगावरून वेगाने घासत जाणारी हवा आणि आतली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा यांच्या मिश्रणाने एक जाड चादर कानांवर ओढली जाते. अर्ध्या तासात मनाला तिची सवय होते. कानांना मात्र पूर्ण सोळा तास ती वाहावीच लागते.

तरुण माणसाला त्याने थोडा शीण येतो, एवढेच. ज्याचे कान आधीच दुखावलेले आहेत त्याची गोष्ट वेगळी.

माझ्या यजमानांनी इचलकरंजीत ३५ वर्षे यंत्रमाग चालवले. साध्या मागांच्या शेडमध्ये जे कधी गेले असतील त्यांना तो आवाज सांगावा लागणार नाही. जे गेले नसतील त्यांना सांगून कळणार नाही. दोन माणसे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात आणि तरीही निम्मे बोलणे हाताच्या खुणांनी होते. आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो. कारखाना कायद्याखालील नियमांनी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातलेली होती, आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा त्याच कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. पण शेडमध्ये कायद्याचे पुस्तक कोण उघडते? कानात कापसाचा बोळा घातला की संरक्षण झाले, अशीच तिथली समजूत.

त्याचा परिणाम पन्नाशीनंतर दिसू लागला. मिरजेच्या कानतज्ज्ञांनी श्रवणचाचणीचा जो आलेख काढून दिला, त्यात ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा एकदम खड्ड्यात उतरलेली होती. दीर्घकाळ आवाजात राहिलेल्या कानांची ही ओळखीची खूण आहे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्याच्या जोडीला कानातला नाद. बाहेर काही नसताना आत अखंड किर्र वाजत राहणे. हे त्याला रातकिडा म्हणतात. दिवसा कामाच्या गडबडीत रातकिडा गप्प असतो, रात्री सगळे निजले की जागा होतो.

२०१९ साली आम्ही मुलीकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा परतल्यावर हा रातकिडा आठ दिवस असा काही पेटला होता की यजमानांना झोप म्हणून लागेना. त्यांनी त्या आठवड्यात जाहीर करून टाकले, "आता लेकीनं इकडं यावं. मी काय पुन्हा त्या विमानात बसत नाही." आणि ते शब्दाचे पक्के आहेत. कोविडची दोन वर्षे तशीच गेली; त्यानंतरही त्यांच्यापाशी काही ना काही कारण असेच. पण २०२४ च्या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला की दिवाळीच्या सुमारास बाळ होणार आहे. डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास मना केला होता. ती वडिलांना एवढेच म्हणाली, "अण्णा, आई एकटी आली तरी चालेल. तुम्ही कानाला त्रास करून घेऊ नका." असे वाक्य ऐकल्यावर बाप घरी कसा बसणार? आणि जाणार तरी कसा? त्या पेचातून आमच्या घरात हेडफोनचा शोध सुरू झाला.

या विषयात शिरल्यावर प्रथम ध्यानात आले की 'आवाज अडवणे' आणि 'आवाज पुसणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळणारे फोमचे बोळे आवाज अडवतात. नीट वळून कानात बसवले तर ते उत्तम काम देतात, विशेषतः उंच पट्टीच्या आवाजांना. खालच्या पट्टीचा घुमारा मात्र त्यांनाही बराच चुकवून जातो, कारण तशी लांब लहर अडवायला जाड आणि जड भिंतच लागते. विमानाची घरघर नेमकी त्या जातीची आहे. म्हणून तिथे दुसरी युक्ती योजतात. हेडफोनच्या वाटीत बसवलेले छोटे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, आतले इलेक्ट्रॉनिक मंडल तत्क्षणी त्याची उलटी लहर तयार करते आणि ती कानाशी सोडली जाते. विहिरीच्या पाण्यावर दोन खडे टाकले असता एका तरंगाचा उंचवटा जिथे दुसऱ्याच्या खोलगटाला भेटतो तिथे पाणी सपाट दिसते, तसेच काहीसे. संथ, एकसुरी आवाजाची उलटी लहर बेतणे सोपे. तो पुढच्या क्षणी काय करणार हे ठरलेले असते. अचानक उठणाऱ्या, तीव्र, उंच आवाजाला यंत्र गाठू शकत नाही. म्हणून इंजिन पुसले जाते आणि मागच्या रांगेतल्या बाळाचे रडणे उरते. जाहिरातीत हे ठळक अक्षरांत छापत नाहीत.

या कल्पनेचे पेटंट पॉल लुएग या जर्मन शास्त्रज्ञाला अमेरिकेत १९३६ साली मिळाले होते. परंतु त्या काळच्या उपकरणांना ती पेलवणारी नव्हती. विमानप्रवाशांच्या कानांपर्यंत ती आली त्यामागे अमर बोस यांचे नाव आहे, आणि ते वाचताना मला सुखद आश्चर्य वाटले. त्यांचे वडील बंगालचे. स्वातंत्र्यचळवळीत पडल्यामुळे इंग्रज सरकारच्या रोषातून निसटून ते अमेरिकेत गेले. अमर बोस फिलाडेल्फियात १९२९ साली जन्मले, एमआयटीत प्राध्यापक झाले आणि १९६४ साली त्यांनी स्वतःची ध्वनिउपकरणांची कंपनी काढली. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला येताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर त्यांनी संगीत ऐकायचा प्रयत्न केला, पण इंजिनापुढे काही ऐकू येईना. दुसरा कोणी असता तर हेडफोन काढून ठेवता. यांनी कागद काढला आणि बॉस्टन येईपर्यंत आवाज पुसण्याचे गणित मांडीत बसले. १९८६ साली व्हॉयेजर नावाचे विमान कुठेही न थांबता, इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा त्याच्या दोघा वैमानिकांच्या कानांवर बोस यांच्या हेडसेटचा प्राथमिक नमुना होता. वैमानिकांसाठी तो १९८९ मध्ये बाजारात आला. सामान्य प्रवाशाला तशी वस्तू २००० साली मिळू लागली. म्हणजे विमानात सुचलेली गोष्ट विमानातल्या साध्या खुर्चीपर्यंत यायला २२ वर्षे लागली.

डॉक्टरांचा सल्ला आधी घेतला हे बरे झाले. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, हे यंत्र कानातला दाब कमी करीत नाही. विमान खाली उतरू लागले की जागे राहायचे, गोळी चघळायची, आवंढा गिळायचा. आणि त्या सुमारास जोरदार सर्दी असेल तर आधी दाखवायला यायचे. दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होती. ज्यांच्या कानात नाद आहे त्यांना संपूर्ण शांतता मानवतेच असे नाही. बाहेरचा आवाज गेला की आतला वर येतो. तेव्हा घरघर पुसायची, पण तिच्या जागी काहीतरी अगदी हलके, एकसुरी वाजत ठेवायचे. ते काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

पुण्याचा भाचा सुट्टीला आला तो स्वतःचा सोनीचा हेडफोन घेऊन. "मामी, दुकानात एसीच्या आवाजावर काय कळणार? मामांना शेडमध्ये नेऊ या," असे म्हणून त्याने यजमानांना सरळ मागांच्या मध्ये उभे केले. हा प्रयोग मी दारातून पाहिला. यजमानांनी हेडफोन चढवला, भाच्याने कळ दाबली, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उलगडल्या. मग ते मान तिरकी करून काहीतरी ऐकू लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, "गरगर गेली. धोटा मात्र ऐकू येतोय. खट्, खट्, खट्. चौथ्या मागाचा धोटा बरोबर बसत नाही, जॉबरला सांगायला पाहिजे." घुमारा पुसला जातो आणि ठोका उरतो, हे चार पाने वाचून मला जे समजले होते ते त्यांनी पाच मिनिटांत धोट्यावरून ताडले. (इथे एक सांगून ठेवते. असले हेडफोन म्हणजे कारखान्यातील कर्णरक्षक नव्हेत. तिथल्या ठोक्यांपासून ते पुरेसा बचाव करीत नाहीत. त्यासाठी प्रमाणित इयरमफ किंवा बोळेच हवेत.)

त्या संध्याकाळी ते बराच वेळ गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "अगं, माझ्या कानाची एवढी चौकशी चाललीय. माझ्याकडं वीस वर्षं पाळी करणाऱ्यांच्या कानांचं काय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या आठही कामगारांसाठी चांगल्या प्रतीचे बोळे आणले. चार दिवस सर्वांनी घातले. पाचव्या दिवशी पाचजणांनी काढून ठेवले. माग बिघडला की आधी तो कानाला कळतो, डोळ्याला नंतर. कान बंद केले तर सुताचा तुटवडा कळत नाही, कापड खराब होते आणि मजुरी कापली जाते, असे त्यांचे म्हणणे. ते खोटेही नव्हते. अजून तिघेच घालतात. तो विषय आमच्या घरात मिटलेला नाही.

पुढे प्रत्यक्ष निवडीचा भाग आला आणि तिथे मी वहीच घातली. किमती दोन-अडीच हजारांपासून साठ हजारांपर्यंत. वजनातही तसाच फरक. अॅपलचा मोठा हेडफोन ३८५ ग्रॅमच्या आसपास, सोनीचे अडीचशेच्या आसपास. दुकानात दहा मिनिटांसाठी हा फरक जाणवत नाही, सोळा तासांत मानेला नक्की जाणवेल. बॅटरी बहुतेकांची २४ ते ३० तास चालते, सेनहायझरच्या एकाची तर ६० तास. त्यामुळे ती काळजी मी खोडून टाकली. चष्म्याची काळजी मात्र राहिली. चष्म्याची काडी वाटीची गादी किंचित उचलते आणि त्या फटीतून खालच्या पट्टीचा आवाज आत शिरतो. यजमानांच्या चष्म्याच्या काड्या जाड होत्या. त्यांनी बारीक काड्यांची चौकट करून घेतली, तिचा खर्च हेडफोनच्या खात्यात धरावा की डोळ्यांच्या, यावर आमचे एकमत झाले नाही.

कानात खोचायचे छोटे प्रकार त्यांनी हातात घेऊनच परत केले. ते पडले तर सीटखाली कोण शोधणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. काही हेडफोनांवर बोट फिरवून आवाज कमी-जास्त करायचा असतो. ३५ वर्षे सूत हाताळलेल्या बोटांना ती काच दाद देईना. त्यांना दाबली की दाबली असे कळणारी कळ हवी होती. या एका कारणावरून आम्ही अखेर बोसच्या क्वाएटकम्फर्टकडे वळलो; त्यावर खऱ्या कळा आहेत, तो घडी होऊन पिशवीत बसतो आणि कानांवर फार आवळत नाही.

एक प्रश्न आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात येईल म्हणून लिहिते. कानाच्या गाद्या कशाच्या? काही महागड्या हेडफोनांवर कोकराचे कातडे असते आणि ते अभिमानाने सांगितलेले असते. बहुतेकांवर कृत्रिम चामडे असते. पण त्यातल्या 'प्रोटीन लेदर' या नावाने मला थबकवले. ते मुळात पॉलियुरेथेनच असते, मात्र काही प्रकारांत त्यात प्राणिज प्रथिनाची भुकटी मिसळलेली असते. दुकानातल्या मुलाला विचारले तर त्याला हा प्रश्नच नवा होता. त्याने बिचाऱ्याने डब्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, तोही अपुरा. या गाद्या निघणाऱ्या असतात आणि सुट्या मिळतात. निव्वळ पॉलियुरेथेन असे स्वच्छ लिहिलेली जोडी आम्ही मागवली आणि बसवून घेतली. सुरुवातीला ती थोडी ताठ वाटली. आठवडाभरात मऊ झाली.

तार मात्र पिशवीत ठेवावीच. अनेक विमानांतल्या पडद्यांना बिनतारी हेडफोन जोडता येत नाही, आणि जुन्या विमानांच्या खुर्चीत दोन पिनांचे भोक असते, त्यासाठी एक जोडतुकडा लागतो. तो शे-दोनशे रुपयांचा असतो आणि ऐन वेळी कुठेच मिळत नाही. जागा निवडता आली तर पंखांच्या पुढची निवडावी. इंजिनांच्या मागे आवाज जास्त असतो. हेही उपयोगी आहे.

ऑक्टोबरात आम्ही निघालो. सुरक्षेच्या सूचना चालू असताना हवाईसुंदरीने हेडफोन काढायला लावला, तो विमान वर गेल्यावर यजमानांनी पुन्हा चढवला. प्रथम त्यांची तक्रार आली की कानाचा पडदा कोणीतरी बाहेरून ओढते आहे. अशी जाणीव अनेकांना होते आणि बहुधा थोड्या वेळाने ओसरते. तशी ती ओसरली. मग तासाभराने अपेक्षित तेच झाले; घरघर गेली आणि रातकिडा उठला. भाच्याने फोनमध्ये पावसाचा आवाज भरून दिला होता. तो दोन मिनिटे ऐकून यजमान म्हणाले, "हा कुठला पाऊस? वारा नाही, पत्रा वाजत नाही. पाऊस कधी असा पडतो का?" त्यांना आपला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने हे त्यांनी शेडमधल्या आवाजात विचारले, आणि पुढच्या तीन रांगांनी वळून पाहिले.

त्याच फोनमध्ये शेडमधल्या प्रयोगाच्या दिवशी भाच्याने केलेले ध्वनिमुद्रणही होते. तेच त्यांनी लावले, पुन्हा पुन्हा वाजत राहील असे करून. अगदी हळू, मी वाटीला कान लावून पाहिला तर जेमतेम कुजबुज. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी ऐकण्याची मर्यादा सुचवली आहे. हे त्याच्या कितीतरी खाली होते. घरघरीवर मात करायला आवाज चढवावा लागत नाही, हाच या यंत्राचा कानाला होणारा खरा लाभ. त्या कुजबुजीत यजमान पाच तास सलग झोपले. ज्या आवाजाने कान गेले त्याच आवाजाने झोप यावी, याचे मला नवल वाटले. पण विचार करता वाटते, त्यात काही विपरीत नाही. वीज जाऊन माग बंद पडले की हे मध्यरात्री दचकून उठत. आमच्या गल्लीत शांतता म्हणजे संकट: वीज गेली, संप झाला, किंवा बाजार बसला. माग वाजत आहेत म्हणजे उद्याची चूल पेटणार, हे ज्याच्या हाडांत ३५ वर्षे मुरले आहे त्याला नीरवतेत झोप कशी यावी?

उतरताना मी त्यांना हलवून जागे केले, गोळी दिली. चक्कर नाही, कानात दडे नाहीत. किर्र होती, पण तिची नेहमीची होती तेवढीच.

न्यू जर्सीतल्या घराने मात्र दगा दिला. दुहेरी काचांच्या खिडक्या, जाड गालिचे, रस्त्यावर रात्री चिटपाखरू नाही. पहिल्याच रात्री दोन वाजता हे अंथरुणात उठून बसले. "सगळं बंद पडलंय का?" एवढेच विचारले आणि मग कुठे आहोत ते आठवून आडवे झाले. हेडफोन घालून कुशीवर निजता येत नाही, वाटी उशीला लागते. मुलीने बाळाच्या खोलीसाठी एक लहानसे यंत्र आणून ठेवले होते. ते पंख्यासारखा सूं सूं आवाज करते आणि तिकडे तान्ह्या मुलांना झोपवायला पाळण्यापासून दूर, हळू आवाजात लावतात. ते आम्ही दुसऱ्या रात्री आमच्या खोलीत आणले. अकरा दिवसांनी नात झाली. तोवर ते यंत्र आजोबांचेच झालेले होते, आणि नातीसाठी मुलीने नवे मागवले.